ऊन स्वस्त, कर्ज महाग

एक साधं गणित करून पाहू. सौर प्रकल्प उभारायला १०० कोटी लागले, ते सगळे कर्जाऊ घेतले आणि २० वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं ठरलं. व्याज ५ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता ८ कोटींच्या आसपास येतो. तेच व्याज १२ टक्के असेल तर हप्ता १३ कोटींच्या पुढे जातो. पॅनल तेच, ऊन तेवढंच, वर्षभरात तयार होणारी युनिटंही तेवढीच. तरी दुसऱ्या ठिकाणची वीज जवळजवळ दोन-तृतीयांशाने महाग पडते. कोळशाच्या किंवा गॅसच्या केंद्राला व्याजाचा फटका इतका बसत नाही, कारण तिथला मोठा खर्च इंधनाचा असतो आणि तो जसजशी वीज विकली जाईल तसतसा करायचा असतो. सूर्य आणि वारा यांचं इंधन फुकट. त्यामुळे जवळपास सगळा पैसा आधीच ओतावा लागतो आणि मग पंचवीस वर्षं तो वसूल होण्याची वाट बघावी लागते.

विकसनशील देशांची गोची नेमकी इथे आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पाहणीनुसार मोठ्या सौर प्रकल्पाला या देशांत पडणारा भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक असतो. जगातल्या उत्तम प्रतीच्या सौरक्षमतेपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहे, असं हीच संस्था सांगते. तरीही चीन वगळता सगळ्या विकसनशील देशांना मिळून जगातल्या स्वच्छ ऊर्जेच्या गुंतवणुकीपैकी जेमतेम १५ टक्के वाटा मिळतो, आणि माणसं मात्र जगातली दोन-तृतीयांश याच देशांत राहतात. उन्हाची कमतरता नाही. पॅनल तर इतके स्वस्त झालेत की आता तो चर्चेचा मुद्दाच राहिलेला नाही. तुटवडा आहे तो आर्थिक पतीचा. धनको चढं व्याज मागतो तेव्हा त्याचा अविश्वास सूर्यावर नसतो. वीज कोण घेणार, घेतली तर पैसे वेळेवर देणार का, उद्या सरकार बदललं तर करार टिकेल का, आणि डॉलरमध्ये काढलेलं कर्ज फेडायची वेळ येईल तोवर इथलं चलन किती घसरलेलं असेल, या चार शंकांची किंमत तो व्याजात धरतो.

म्हणून एखाद्या सरकारचं नवीकरणीय ऊर्जेचं धोरण तपासताना जाहीर झालेली गिगावॅटची लक्ष्यं आणि अनुदानाचे आकडे जरा बाजूला ठेवावेत, आणि या चार शंकांचं सरकारने काय केलं एवढंच विचारावं, असं माझं म्हणणं आहे. लक्ष्य जाहीर करायला एक परिषद आणि एक व्यासपीठ पुरतं. थकीत बिलं चुकती करायची तर अर्थमंत्र्यांशी भांडावं लागतं, वीजदरांना हात घालावा लागतो, मोठ्या थकबाकीदारांची जोडणी तोडावी लागते. निवडणुकीच्या वर्षात यातलं काहीच कोणाला नको असतं, आणि कुठली ना कुठली निवडणूक नेहमीच तोंडावर असते. त्यामुळे पहिलं काम धडाक्यात होतं आणि दुसरं पुढच्या सरकारवर ढकललं जातं.

नायजेरियात २०१६ साली १४ सौर कंपन्यांशी वीजखरेदीचे करार झाले. एकूण क्षमता हजार मेगावॅटहून अधिक होती आणि दर युनिटला साडेअकरा अमेरिकी सेंट होता. दर चांगला, ऊन चांगलं, विजेची भूक प्रचंड. पण वीज घेणाऱ्या सरकारी संस्थेने पैसे दिले नाहीत तर भरपाई कोण करणार, या हमीच्या कलमावर घोडं अडलं. दरम्यान जगभर सौर विजेचे भाव पडले, तेव्हा ठरलेला दर सरकारलाच जास्त वाटू लागला आणि तो कमी करण्याची बोलणी सुरू झाली. वर्षांमागून वर्षं गेली, प्रकल्प कागदावरच राहिले. विजेला पैसे मोजायला तिथे कोणी तयार नव्हतं असं मात्र नाही. नायजेरियातली घरं आणि दुकानं पेट्रोल-डिझेलच्या जनरेटरवर कितीतरी जास्त भावाने वीज तयार करत होती आणि त्याचे पैसे रोख मोजत होती. तो पैसा सरकारी संस्थेच्या तिजोरीतून भरवशाने प्रकल्पापर्यंत पोचेल, अशी वाट मात्र कोणी बांधून दिली नव्हती.

उलट उदाहरण उरुग्वेचं. या छोट्या देशाकडे ना कोळसा, ना तेल. दुष्काळ पडला की धरणं आटायची आणि महागडं तेल आयात करावं लागायचं. २००८ मध्ये तिथे दीर्घकालीन ऊर्जा धोरण ठरलं आणि २०१० मध्ये संसदेतल्या सगळ्या पक्षांनी त्यावर संमती दिली. पुढचं सगळं या सर्वपक्षीय संमतीवर उभं आहे. सरकारी वीज कंपनीने पवनचक्क्यांच्या विकासकांशी लांब मुदतीचे करार केले, सर्वात कमी दराने वीज देईल त्याला काम असे लिलाव घेतले, आणि दहाएक वर्षांत जवळजवळ शून्यावर असलेली पवन ऊर्जा देशाच्या विजेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जाऊन पोचली. धरणं आणि जैवभार (लाकूड, शेतीतला काडीकचरा) धरून बरीच वर्षं नव्वद टक्क्यांहून अधिक वीज नवीकरणीय राहिली. ‘छोटा देश आहे, त्याला जमलं’ असं म्हणून हे उदाहरण बाजूला सारलं जातं. आकाराचा फायदा त्यांना झालाच असेल. पण नायजेरियातल्या आणि उरुग्वेतल्या व्याजदरांत जो फरक पडला त्याचं मोठं कारण हेच की उरुग्वेची वीज कंपनी बिलं भरते, आणि आज करार करणारा पक्ष उद्या विरोधात बसला तरी ती भरत राहील, अशी सावकाराची खात्री होती.

आता भारताकडे वळू, कारण या बाबतीत भारताने एक गोष्ट फार चांगली केली आणि दुसरी अजून धसास लावलेली नाही. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा पहिल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला सुमारे १२ रुपये निघाला होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला सौर पार्कच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात तो १ रुपया ९९ पैसे झाला. पॅनल स्वस्त झाले हे एक कारण झालं. दुसरं कारण धोरणाचं होतं. सौर पार्कमध्ये जमीन आणि पारेषणाची, म्हणजे वीज दूरवर वाहून नेणाऱ्या तारांची, सोय सरकारने आधीच करून दिली. केंद्राची सौर ऊर्जा महामंडळ ही कंपनी मधली खरेदीदार बनली. राज्यांच्या वितरण कंपन्यांनी पैसे थकवले तरी काही काळ हप्ते भरता येतील असा निधी तिच्याकडे ठेवला गेला. शिवाय करार रुपयांत झाले आणि कर्जाचा मोठा भाग देशातल्याच बँकांनी आणि सरकारी वित्तसंस्थांनी दिला. चार शंकांपैकी तीन तरी यात बऱ्याच हलक्या झाल्या. अनुदानाच्या कोणत्याही योजनेपेक्षा या व्यवस्थेने सौर विजेचं जास्त भलं केलं, असं मला वाटतं. ती कंटाळवाणी असल्यामुळे तिचं कौतुक मात्र कमी होतं.

न सुटलेली गाठ वितरण कंपन्यांची. देशातल्या वितरण कंपन्यांचा साचलेला तोटा सहा लाख कोटी रुपयांच्या वर गेला आहे. शेतीला आणि घरगुती ग्राहकांना स्वस्त वीज द्यायची, त्याची भरपाई उद्योगांकडून चढा दर घेऊन करायची आणि उरलेली राज्य सरकारच्या अनुदानातून, अशी ही जुनी व्यवस्था आहे. अनुदान उशिरा येतं, कधी अपुरं येतं, आणि वीज तयार करणाऱ्यांची बिलं थकत जातात. जून २०२२ मध्ये ही थकबाकी सुमारे १ लाख ३८ हजार कोटींवर पोचली होती. तेव्हा केंद्राने एक नियम आणला: जुनी थकबाकी हप्त्यांत फेडा, आणि नवं बिल ठरलेल्या मुदतीत भरलं नाही तर बाहेरची वीज विकत घेण्याची मुभा टप्प्याटप्प्याने बंद होईल. थकबाकी झपाट्याने खाली आली. इतकी वर्षं ‘पैसेच नाहीत’ म्हणणाऱ्या कंपन्यांना पैसे कुठून मिळाले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बऱ्याच ठिकाणी त्यांनी कर्ज काढून ते भरले. म्हणजे रोग पूर्ण बरा झाला असं नाही. पण नवीकरणीय ऊर्जेचा एक शब्दही ज्याच्या शीर्षकात नाही अशा त्या नियमाने पवन आणि सौर प्रकल्पांच्या बँकांना जेवढा दिलासा दिला तेवढा क्वचितच कुठल्या ‘हरित’ योजनेने दिला असेल.

आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सत्तापालट झाला आणि नव्या सरकारने आधीच्या काळात झालेले पवन-सौर करार महाग आहेत म्हणून दर खाली आणायला सांगितलं. पैसे अडले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने करारातल्या दरानेच पैसे द्यायला सांगितलं. सरकारचं म्हणणं वरवर पाहता लोकहिताचं होतं: आता वीज अडीच रुपयांना मिळते, तर जनतेने जुना चढा दर का भरावा? पण नवा दर स्वस्त निघाला तो जुने करार पाळले जातील या विश्वासावरच. तो विश्वास मोडला की पुढच्या लिलावातली प्रत्येक बोली थोडी चढते. जुन्या करारांत वाचवलेले पैसे नव्या करारांतून परत जातात, आणि हे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नसल्यामुळे त्याचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. करारात भ्रष्टाचार झाला असेल तर तो न्यायालयात सिद्ध करावा. दर पडले एवढ्यावरून करार मोडू नये.

२०२५ मध्ये भारताच्या स्थापित वीज क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅसवर न चालणारी, झाली, २०३० च्या लक्ष्यापेक्षा पाच वर्षं आधी. ही मोठी मजल आहे. मात्र त्याच सुमारास प्रत्यक्ष वीजनिर्मितीत या क्षमतेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांशच होता, आणि लिलाव होऊनही ज्यांची वीज घ्यायला कुठलीच वितरण कंपनी सही करत नाही अशा प्रकल्पांचा ढीग चाळीस गिगावॅटच्या आसपास गेला होता. राजस्थानात तयार झालेली वीज वाहून न्यायला तारा अपुऱ्या पडल्याने दुपारी प्रकल्प बंद ठेवायला सांगितले जात होते. गिगावॅटच्या लक्ष्याची ही खोड आहे. ते उभारणी मोजतं. वीज घराघरात पोचली का आणि तिचे पैसे परत आले का, हे त्यात येत नाही.

मग शेतीच्या विजेचं काय? इथे मला भारतातलीच एक कल्पना फार पटते. शेतकऱ्याला अनुदान देऊन एकेक सौरपंप बसवून देण्यापेक्षा, शेतीला वीज पुरवणारी अख्खी वाहिनीच उपकेंद्राजवळच्या छोट्या सौर प्रकल्पावर चालवायची. महाराष्ट्राने २०१७ मध्ये अशी योजना आणली आणि पुढे केंद्राच्या कुसुम योजनेतही ती आली. शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा वीज मिळते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वितरण कंपनी जी वीज महाग घेऊन जवळजवळ फुकट देत होती तीच आता तिला स्वस्त पडते, त्यामुळे तोटाच मुळाशी कमी होतो. अंमलबजावणी संथ आहे, गावठाणाजवळची जमीन मिळवताना दमछाक होते, हे खरं. तरीही अनुदान द्यायचंच असेल तर ते खरेदीदाराला धडधाकट करणारं असावं. सौरपंपाचं उद्घाटन छायाचित्रात छान दिसतं. वाहिनीचं काय दिसणार?

दक्षिण आफ्रिकेने २०११ पासून घेतलेले लिलाव एके काळी जगात वाखाणले गेले. नियम स्पष्ट होते, खरेदीदार सरकारी वीज कंपनी एस्कॉम, तिच्यामागे सरकारी हमी, आणि प्रत्येक फेरीला दर खाली येत होते. मग एस्कॉमनेच सही करायचं नाकारलं. कोळशाच्या केंद्रांवर चालणाऱ्या त्या अजस्र कंपनीला बाहेरची वीज नको होती, आणि त्या काळातल्या सत्ताधाऱ्यांची पसंती अणुऊर्जेला होती. दोन वर्षांहून अधिक काळ करार लटकले. शेवटी एप्रिल २०१८ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत २७ प्रकल्पांवर सह्या झाल्या. या हरवलेल्या काळाची किंमत देशाने पुढे अंधारात बसून मोजली: २०२३ मध्ये तीनशेहून अधिक दिवस भारनियमन झालं. त्याआधी, २०२२ च्या अखेरीला झालेल्या सहाव्या फेरीत एकही पवन प्रकल्प निवडता आला नाही, कारण जिथे वारा चांगला त्या केप प्रांतांतली पारेषण क्षमता भरून गेली होती. खरेदीदाराच्या हाती स्वतःची वीजकेंद्रंही असतील आणि ताराही, तर तो प्रतिस्पर्ध्याला रस्ता देईल अशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे. पारेषण वेगळ्या, तटस्थ कंपनीकडे देणं हा सुधारणेचा रूक्ष, किचकट भाग. तो दहा वर्षं आधी झाला असता तर बरंच टळलं असतं.

तारांची गोष्ट व्हिएतनामने आणि केनियाने वेगवेगळ्या टोकांनी शिकवली. व्हिएतनामने २०१७ मध्ये सौर विजेला युनिटमागे ९.३५ सेंटचा हमी दर २० वर्षांसाठी जाहीर केला, अट एकच, जून २०१९ पर्यंत प्रकल्प सुरू झाला पाहिजे. जवळजवळ शून्यावरून त्या मुदतीपर्यंत साडेचार गिगावॅट उभे राहिले आणि २०२० संपता संपता छतांवरचे धरून साडेसोळा गिगावॅट. अशी झेप फार थोड्या देशांनी घेतली असेल. पण दर सगळीकडे एकच असल्याने प्रत्येकाने ऊन जिथे जास्त तिथे, म्हणजे दक्षिण-मध्य भागातल्या निन्ह थुआन आणि बिन्ह थुआन या प्रांतांत धाव घेतली. तिथल्या तारांना तो भार पेलला नाही आणि तयार वीज नाकारावी लागली. आणि २०२३ च्या उन्हाळ्यात उत्तरेत धरणं आटली तेव्हा कारखाने बंद पडले. दक्षिणेतली वीज उत्तरेला न्यायला पुरेशी वाहिनीच नव्हती. जागतिक बँकेने त्या खंडित वीजपुरवठ्याचं नुकसान १.४ अब्ज डॉलर धरलं. मग मात्र सरकारने पाचशे किलोव्होल्टची पाचशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी आठ महिन्यांच्या आत टाकून दाखवली. म्हणजे करता येत होतं. पाच वर्षं आधी ती निकड कोणाला वाटली नव्हती, इतकंच.

केनियात उलटं झालं. तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॅट, २०१७ मध्ये उभ्या राहून तयार झाल्या, पण वीज नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची सरकारी वाहिनी सप्टेंबर २०१८ पर्यंत पूर्ण झाली नाही. मधल्या काळात ती बांधणारी स्पॅनिश कंपनीच दिवाळखोरीत गेली. करारानुसार न वाहिलेल्या विजेची भरपाई सरकारला द्यावी लागली आणि ती अखेर ग्राहकांच्या माथी आली. जागतिक बँक २०१२ मध्येच या प्रकल्पातून बाहेर पडली होती. विजेची गरज नसतानाही पैसे द्यावे लागतील, अशी भीती तिने तेव्हा बोलून दाखवली होती. आणि जमीन? त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्या समाजांना न विचारता ती दिली गेल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयाने जमिनीचे हक्कलेख नियमबाह्य ठरवले. ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन बहुधा कुणाचं तरी कुरण असतं, हे राजस्थानापासून तुर्कानापर्यंत सारखंच आहे.

इथे माझ्याच युक्तिवादाला एक मर्यादा घालायला हवी. सरकारने जोखीम उचलावी म्हणजे सगळी जोखीम उचलावी असं नाही. घानाने वीजटंचाईच्या घबराटीत ‘घ्या किंवा पैसे भरा’ धर्तीचे इतके करार केले की न वापरलेल्या विजेपोटी वर्षाला ५० कोटी डॉलरहून अधिक देण्याची पाळी आली. ती मुख्यतः औष्णिक वीज होती, पण करार तसाच लिहिला तर पवनचक्कीनेही हेच होईल. कोणती जोखीम कोणाला कमी खर्चात पेलते, हे पाहून ती वाटावी लागते. प्रकल्प वेळेत आणि ठरल्या खर्चात उभा करणं हे कंपनीचं काम. त्याची हमी सरकारने घेऊ नये. वाहिनी वेळेत येणं आणि बिल वेळेत भरणं हे सरकारचं. केनियानेच भूऔष्णिक ऊर्जेत ही वाटणी फार शहाणपणाने केली होती. विहीर खोदल्यावर वाफ लागेल की नाही हे आधी सांगता येत नाही, आणि एका विहिरीला लाखो डॉलर लागतात, त्यामुळे खासगी कंपन्या त्या वाटेला जात नव्हत्या. २००८ मध्ये सरकारने त्यासाठी वेगळी कंपनी काढली, खोदण्याचा जुगार स्वतः खेळला आणि सापडलेली वाफ वीज बनवणाऱ्यांना विकायची व्यवस्था केली. आज केनियाच्या विजेत चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा जमिनीखालच्या उष्णतेचा आहे.

बांगलादेशाची कथा जास्त चटका लावणारी. तिथे २००३ पासून एका सरकारी वित्तसंस्थेमार्फत घरगुती सौर संच कर्जाने विकायला सुरुवात झाली. गावोगावच्या लघुवित्त संस्था संच बसवायच्या, दुरुस्त करायच्या, हप्ते गोळा करायच्या. सुरुवातीचं अनुदान हळूहळू कमी होत गेलं, आणि तरी २०१८ पर्यंत सुमारे ४१ लाख संच बसले. गरीब घरं वेळच्या वेळी हप्ते भरत होती, कारण रॉकेलवर जाणारे पैसेच ते हप्त्यात देत होते. मग दुसऱ्या एका सरकारी कार्यक्रमातून संच फुकट वाटले जाऊ लागले, आणि वीजजाळंही ठरवल्यापेक्षा लवकर पोचलं. शेजाऱ्याला फुकट मिळतं तिथे मी हप्ता का भरू? वसुली थांबली, विक्री कोसळली, संस्था बुडाल्या. एका मंत्रालयाने पंधरा वर्षं जपलेली परतफेडीची सवय दुसऱ्या मंत्रालयाने दोन-तीन वर्षांत मोडली. फुकट वाटप करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य. पण दोन खात्यांनी एकमेकांशी बोलायचं असतं, आणि जाळं कुठे कधी पोचणार याचा नकाशा आधी जाहीर करायचा असतो, एवढी अपेक्षा तर ठेवता येते.

देशातच पॅनल बनवण्याच्या आग्रहाबद्दल थोडक्यात. चीनवरचं अवलंबित्व कोणालाच सुखाचं वाटणार नाही, आणि भारताने २०२२ पासून आयात पॅनलवर लावलेल्या ४० टक्के शुल्कामागे तेच कारण होतं. त्यातून कारखाने उभे राहिले, हेही दिसतं. पण ज्या देशाला जेमतेम काही शे मेगावॅट बसवायचे आहेत त्याने असं शुल्क लावणं म्हणजे गरिबाची वीज महाग करून एखाद-दुसऱ्या जुळणी कारखान्याला पोसणं. त्याहून मोठी विसंगती कोळशाच्या बाबतीत दिसते. इंडोनेशियात वीजकेंद्रांना मिळणाऱ्या कोळशाचा भाव २०१८ पासून टनाला ७० डॉलरवर बांधलेला आहे, जागतिक बाजारात तो कितीही चढो. मग तिथली सरकारी वीज कंपनी सौर वीज महाग असल्याचं सांगते, आणि हिशेबाच्या वहीत ते खरंही दिसतं.

श्रीमंत देश काय करतात? दक्षिण आफ्रिकेसाठी २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत साडेआठ अब्ज डॉलरची न्याय्य संक्रमण भागीदारी, म्हणजे कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळायला मदत करण्याचा करार, गाजावाजात जाहीर झाली. तपशील आले तेव्हा त्यातला थेट अनुदानाचा भाग पाच टक्क्यांहून कमी निघाला. बाकी बहुतेक कर्ज आणि हमी. मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्यातून बाहेरच पडली. परकीय चलनातल्या आणखी कर्जाने वर सांगितलेली चौथी शंका वाढते, घटत नाही. विकास बँकांनी स्थानिक चलनात कर्ज द्यावं किंवा चलन घसरण्याचा धोका स्वतः घ्यावा, ही मागणी वर्षानुवर्षं होते आहे आणि प्रतिसाद तुटपुंजा आहे. पण हे कारण पुढे करून देशांतर्गत थकबाकीकडे डोळेझाक करणाऱ्या सरकारांनाही सूट मिळू नये.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे: पाकिस्तान पाहा, सरकारने काहीच केलं नाही आणि क्रांती झाली. २०२४ मध्ये त्या देशाने सुमारे १७ गिगावॅटचे सौर पॅनल आयात केले. कुठलं भव्य अभियान नव्हतं. जाळ्यातली वीज परवडेनाशी झाली आणि लोकांनी छतं भरून टाकली. पण ती परवडेनाशी का झाली? चालोत न चालोत, कोळसा आणि गॅसच्या केंद्रांना डॉलरशी बांधलेलं क्षमता शुल्क द्यायचं, असे करार आधीच्या सरकारांनी केले होते. पॅनल लावू शकणारे बाहेर पडले की ते शुल्क उरलेल्यांवर विभागलं जातं, म्हणजे ज्यांना स्वतःचं छत नाही, त्यांच्यावर. त्यांचं बिल वाढतं, मग त्यांच्यातला जरा बरा असलेलाही बाहेर पडतो. सरकारने काहीच केलं नाही हे म्हणणं म्हणूनच अर्धवट आहे. त्याने केलेल्या गोष्टींपासून लोक पळाले.

मार्च २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाच्या समितीने छतावरची जादा वीज विकत घेण्याचा दर युनिटला २७ पाकिस्तानी रुपयांवरून १० रुपयांवर आणायला मंजुरी दिली; ओरड झाल्यावर तो निर्णय लगेच अमलात आला नाही. व्हिएतनाममध्येही त्याच वर्षी आधी दिलेले हमी दर काही प्रकल्पांकडून मागे घेण्याच्या हालचालींनी गुंतवणूकदार हवालदिल झाले. दुपारच्या विजेला किरकोळ दराइतका भाव देणं चूक होतं, यात मला शंका नाही. दुपारी सगळ्यांचीच छतं वीज ओतत असतात तेव्हा तिची किंमत पडतेच. नव्याने बसणाऱ्या संचांना त्या वेळेच्या मोलाप्रमाणे दर द्यावा, संध्याकाळच्या विजेला जास्त द्यावा, आणि जाळ्याची देखभाल करणारा स्थिर आकार जोडलेल्या भारानुसार सगळ्यांकडून घ्यावा. जुन्या संचांना मात्र त्यांच्या मुदतीपर्यंत हात लावू नये. चालत नसलेल्या औष्णिक केंद्रांचे करार वाटाघाटीने, दोन्ही बाजूंच्या सहीने संपवता येतात. पाकिस्तानने २०२४ मध्ये पाच केंद्रांच्या बाबतीत तसं केलंही. हे सगळं करायला वेळ फारसा नाही. बॅटऱ्याही पॅनलच्याच वाटेने स्वस्त होत आहेत, आणि आज दुपारपुरता जाळ्यापासून दूर गेलेला ग्राहक रात्रीही परत आला नाही तर वितरण कंपनीला बिल पाठवायला उरणार आहेत ते फक्त भरू न शकणारे.